सोंग आणि नाममुद्रा



या महिन्याच्या निरूपणाला आम्ही जो विषय घेतला आहे, तो पाहून कित्येक वाचक बुचकळ्यात पडतील. साठी उलटलेला, पाठशाळेत कौमुदी घोकून वाढलेला हा कीर्तनकार. याने मोबाईलवरच्या खेळांविषयी काय सांगावे? गेल्या वर्षापर्यंत आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु ज्या गोष्टीने आमच्या मृदंगाचा ठेका चुकविला, एका माउलीच्या पायाचे बोट नेले आणि आम्हांला आमचीच एक चूक दाखविली, तिच्याविषयी गप्प बसणे बरे नव्हे. म्हणून घडले ते आधी सांगतो, मग त्यावर विचार करू.

गेल्या वर्षी चैत्रात नेवासे तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. नेवासे म्हणजे प्रवरेकाठचे ते क्षेत्र, जेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानोबा माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. त्या भूमीत उभे राहिले की आमच्यासारख्याचा कंठ आपोआप भरून येतो. त्या रात्री मात्र चित्त उडाले ते निराळ्याच कारणाने. आमच्या साथीला मृदंगावर असणारा मुलगा, वय वर्षे वीस, हात असा गोड की बोल पडला की डोळे मिटावेत. तो ठेका सोडू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. आम्ही वळून पाहिले, तर पोराचे डोळे तारवटलेले.

कीर्तन आटोपले, मंडळी पांगली, आम्ही देवळाच्या ओवरीत आडवे झालो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तो पलीकडून दबका आवाज ऐकू आला. "थांबा, मी आहे ना. घाबरू नका. त्याला मागं घ्या, मी भरतो त्याची जखम." आम्हांला वाटले, पोर झोपेत बरळते आहे. उठून पाहतो तो हा भिंतीशी टेकून बसलेला, कानात ते बोळे, हातात मोबाईल, आणि तोंडावर त्या निळ्या उजेडाचा कवडसा. आमच्याकडे त्याचे लक्षच नाही.

सकाळी विचारले तेव्हा उलगडा झाला. तो एका ऑनलाइन खेळात होता. या खेळात एकटे खेळावयाचे नसते. वीस जणांचे पथक असते. कोणी नाशिकचा, कोणी इंदूरचा, कोणी तर दुबईत नोकरी करणारा. कोणी पुढे ढाल धरावयाची, कोणी शत्रूवर वार करावयाचे आणि कोणी मागे राहून सोबत्यांच्या जखमा भरावयाच्या. आमचा मृदंगी हा त्या पथकाचा वैद्य. त्यांच्या भाषेत 'हीलर'. त्याच्यावाचून पथक लढाईला निघत नाही.

वाचकहो, येथे एक गंमत पाहा. अशा खेळात शिरताना आधी एक रूप घ्यावे लागते. नाव नवे, वेष नवा, कुळ नवे, शस्त्र नवे. त्या रूपाला सगळ्या जगात जो शब्द चालतो, तो आहे 'अवतार'! १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या 'अल्टिमा' मालिकेतील चौथ्या खेळाच्या नावातच हा शब्द आहे. आता आम्ही पाठशाळेत जे शिकलो ते असे की, 'अव' म्हणजे खाली आणि 'तॄ' म्हणजे तरून जाणे, ओलांडणे. त्यावरून अवतार म्हणजे खाली उतरणे. भगवंत उतरतो तो काही कार्याकरिता, आणि कार्य झाले की अवतार आवरतो. राम शरयूत गेले, कृष्ण प्रभासक्षेत्री निजधामाला गेले. अवतारकार्य आणि अवतारसमाप्ती हे दोन्ही शब्द आमच्या पुराणांत जोडीने येतात. त्या खेळ रचणाऱ्यांनी आमचा अर्धा शब्द नेला. अवतार नेला, समाप्ती येथेच ठेवून गेले.

असो. सप्ताह संपवून आम्ही घरी आलो. मृदंगी आमच्या गावचाच. बाप नाही, आई आणि हा. आईला मधुमेह. पायाला जखम झाली होती, ती रोज संध्याकाळी धुऊन पट्टी बदलावयाची, एवढे काम डॉक्टरांनी मुलाकडे दिलेले. गावी परतल्यावर चौथ्या दिवशी आम्ही सहज त्यांच्या घरी गेलो, तर माउली ओट्यावर पाय पसरून बसलेली. पट्टी काळी पडलेली, वास येत होता. "कधी बदलली हो?" म्हणून विचारले. ती म्हणाली, "झालं असंल चार दिस, महाराज. पोरगं रातभर जागतंय, दिवसा झोपतंय. म्हनलं, झोपू द्यावं."

काय सांगावे! रात्री एकोणीस परक्यांच्या जखमा भरणारा वैद्य, आणि जन्मदात्रीची जखम उघडी. त्याच दुपारी तिला नगरास नेले. पाय वाचला, एक बोट मात्र काढावे लागले.

आता आमचा प्रमाद सांगतो. आम्हांला संताप आवरला नाही. चारचौघांत त्याला वाटेल तसे बोललो, हातातला मोबाईल हिसकावला आणि आमच्या पेटीत कुलूप लावून ठेवला. आम्हांला वाटले, मोठे धर्मकृत्य केले. पोराने उलट शब्द काढला नाही. पण तो घुमा झाला. जेवेना, बोलेना, मृदंगाला हात लावीना. आठ दिवस आमचा हरिपाठ नुसत्या टाळांवर झाला. नवव्या दिवशी त्याची आई काठी टेकीत आमच्या दारी आली. म्हणाली, "महाराज, बोट गेलं ते गेलं. पोरगं तेवढं माघारी द्या."

त्या वाक्याने आम्ही जागे झालो. मोबाईल परत केला आणि त्याला म्हणालो, "रागावत नाही. आज रात्री आमच्या शेजारी बसून खेळ. आम्हांला पाहू दे, तिथे काय आहे ते."

तो बसला, आम्ही पाहिले. सज्जनहो, खोटे कशाला सांगावे, दृश्य मोठे देखणे. डोंगर, दऱ्या, नद्या, राऊळे. आणि त्या सगळ्यांत आमच्या कानांना विशेष वाटली ती माणसांची बोली. हा आत शिरताच पाच-सात जणांनी हाक मारली, "आला रे आला! अरे, होतास कुठं इतके दिवस?" एकाने विचारले, "आईची तब्येत कशी आहे?" आम्ही चपापलो. आम्ही ज्यांना पोराचे वैरी समजत होतो, ते आईची विचारपूस करीत होते.

मग आम्ही ती रचना समजून घेतली. रोज हजेरी लावली तर रोज बक्षीस. एक दिवस चुकला की माळ तुटली. लढाई जिंकली की पेटी उघडावयाची. तिच्यात काय निघेल याचा नेम नाही, आणि नेम नसतो म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. त्या पेट्या पैसे मोजूनही घेता येतात. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा विकतच्या पेट्यांना जुगारच ठरविले. पण आमच्या मृदंग्याला धरून ठेवणारा गळ याहूनही बारीक होता. मध्येच उठले तर बाकीचे एकोणीस हरतात. म्हणजे लोभाने नव्हे, सोबत्यांच्या निष्ठेने तो बांधलेला. दुर्गुणाला लावलेला गळ माणसाला ओळखता येतो. सद्गुणालाच गळ लावला तर भल्याभल्यांना कळत नाही.

शेवटी आम्ही त्याला एकच विचारले, "बाळा, ही वस्ती निजते केव्हा?"

तो हसून म्हणाला, "निजत नाही महाराज. आपण बाहेर पडलो तरी आत सगळं चालूच राहतं."

तिथे आम्हांला विषयाची किल्ली सापडली.

काही मंडळी म्हणतील, सोंग घेणे हेच मुळी वाईट, टाकून द्या. तसे म्हणणारा वारकरी नव्हे. काल्याच्या कीर्तनात आपण काय सांगतो? साक्षात परब्रह्म गोपाळांत चेंडूफळी खेळले. आणि सोंगांचे म्हणाल तर शेवगाव तालुक्याच्या पलीकडे, गोदावरीच्या त्या तीरावर पैठण आहे. तेथे नाथ महाराजांनी सोळाव्या शतकात केवढी सोंगे घेतली! भारुडात ते गोंधळी होतात, जोशी होतात, वासुदेव होतात, भुत्या होतात, सासुरवाशीण होतात. शास्त्र जाणणारा ब्राह्मण परक्याच्या कातडीत शिरतो आणि त्याचे सुखदुःख त्याच्याच बोलीत बोलतो. यापरते सोंग ते कोणते? परंतु कोणतेही भारुड घ्या, शेवटच्या चरणात काय येते? 'एका जनार्दनी'. आपले नाव आणि गुरूचे नाव. नाथ सोंगात कितीही रंगोत, शेवटी नाममुद्रा उमटवून बाहेर येतात. 'मी गोंधळी झालो होतो. आहे तो जनार्दनाचा एका', अशी ती ग्वाही.

आमच्या लहानपणी गावात एक तात्या भारुड करीत. रात्री चिमणीच्या उजेडात ते भुत्या होऊन नाचले की आम्ही पोरे भिऊन आईच्या पदराआड. पण आरती झाली, पोत विझला की तेच तात्या तोंडावरची राख पुसून म्हणावयाचे, "चला, पहाटे मोट धरायचीय." सकाळी तात्या औतावर. सगळ्या गावाने सोंग पाहिले आणि सगळ्या गावाने ते उतरताना पाहिले. सोंगाला वेळ होती, पाहणारे होते, आणि शेवटी आरती होती. ज्या वस्तीत रात्र सरत नाही, तिथे आरती व्हावयाची केव्हा? तिथल्या पदाला शेवटचा चरणच नाही, मग नाममुद्रा कोठे यावी?

महाभारतातील विराटपर्व याच दृष्टीने पाहा. तेरावे वर्ष अज्ञातवासाचे. धर्मराज कंक झाले, भीम बल्लव आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवू लागला, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी सैरंध्री. वर्षभर सहाही जण सोंगात. पण नगरात शिरण्यापूर्वी त्यांनी काय केले? स्मशानाजवळच्या शमीवर आपली शस्त्रे बांधून ठेवली, आणि ते झाड ध्यानात ठेवले. कौरवांनी विराटाच्या गाई वळल्या तेव्हा बृहन्नडा राजपुत्र उत्तराला घेऊन थेट त्या झाडाखाली गेली. गांडीव उतरविले. उत्तराला विश्वास बसेना, तेव्हा अर्जुनाने आपली दहा नावे एकामागून एक सांगितली. तीच ती नाममुद्रा. सोंगाला मुदत होती एक वर्षाची, आणि गाईंचा हंबरडा ऐकू येताच सोंग उतरविण्याची तयारी होती. नाच शिकविताना अर्जुन नाच मनापासूनच शिकवीत असेल. पण शमीचे झाड तो विसरला नाही. आमच्या पोराच्या घरी गाय हंबरत होती चार दिवस. त्याला शमी आठवली नाही.

कोणी विचारील, मग या खेळांत काहीच चांगले नाही काय? आहे. नॉर्वे देशात मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात रोग, खुर्चीला खिळलेला. २००४ साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात तो 'इबेलिन' हे रूप घेऊन वावरे. आईबापांना वाटे, बिचारा एकटा. ना मित्र, ना संसार. २०१४ साली तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. बापाने त्याच्या मृत्यूची वार्ता संगणकावरून कळविली, तर देशोदेशींच्या अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. याने आमचे दुःख ऐकून घेतले, याने आम्हांला धीर दिला, असे लिहीत होती. त्यांतले काही जण अंत्यसंस्काराला प्रत्यक्ष आले. पुढे त्याच्या जीवनावर चित्रपटही निघाला. ज्याचे शरीर उठू शकत नव्हते, त्याचे अंतःकरण त्या सोंगातून लोकांच्या घरी पोहोचले. तेव्हा सोंग हे पात्र आहे. त्यात दूधही राहते, विषही राहते. सोंगातली माया खऱ्या माणसाला पोचली की ते भारुड होते. खऱ्या माणसाला द्यावयाची माया सोंगात आटून गेली की तो घात होतो.

सरकारे आपापल्या परीने बांध घालीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या यादीत घेतला. २०२२ च्या जानेवारीपासून ती यादी लागू झाली. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपुढे खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारण बारा महिने दिसावी लागतात. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार जडतो, हेही ते वैद्य सांगतात. म्हणून मोबाईल हाती दिसला की पोराला रोगी ठरवू नये. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच तास नेमून दिला. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. युधिष्ठिराने राज्य पणाला लावले तेव्हा सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी जे केले नाही, ते निदान आज कायद्याने केले. परंतु जेथे पैसा लावत नाहीत, नुसते आयुष्याचे तास लावतात, त्या पणाला कायदा कसा पुरा पडणार? तेथे घराने आणि गावानेच जागले पाहिजे.

गावाचे नाव निघाले, म्हणून शेवटची आणि आम्हांला लाजविणारी गोष्ट सांगतो. त्या रात्री खेळ संपल्यावर आम्ही मुलाला विचारले, "तुला तिथे एवढे काय मिळते रे?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "महाराज, तिथं माझ्या नावानं हाक मारतात."

आमच्या मनात काहीतरी टोचले. घरी येऊन आम्ही सप्ताहांच्या जुन्या पत्रिका काढल्या. आमचे नाव ठळक, बिरुदांसह. गायनाचार्यांचे नाव. विणेकऱ्यांचे नाव. अन्नदात्यांची नावे तर दोन रकाने भरून. चार वर्षे हा पोर उन्हापावसात आमच्यामागे मृदंग वाजवीत उभा राहिला, पण एकाही पत्रिकेवर त्याचे नाव नाही. 'आणि साथसंगत' एवढेच. शेती दीड एकर, नोकरी नाही, लग्नाच्या बाजारात कोणी विचारीत नाही, आणि ज्या देवाच्या दारी सगळे सारखे म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, तिथेही तो बिननावाचा. मग ज्या वस्तीत एकोणीस माणसे त्याच्यावाचून अडतात, तिकडे त्याचा जीव ओढला, यात नवल कसले? आम्ही त्याला नाममुद्रा विसरलास म्हणून रागे भरत होतो; त्याला नाव देण्याचेच आम्ही विसरलो होतो.

आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या पारांवर अशी पोरे बसलेली दिसतात, माना खाली, अंगठे चालू. त्यांना शिव्या देत पुढे जाणे सोपे आहे. पण गावाने त्यांना कोणते काम सोपविले आहे, कोणत्या कामात ती नसतील तर गावाचे अडेल, हे प्रत्येक वडीलधाऱ्याने आपल्या मनाला विचारावे. ज्याच्यावाचून अडते, तोच वेळेवर उठतो.

खेळणाऱ्या मुलांना आमचे सांगणे थोडे आहे. सोंग घ्या, पण शमीचे झाड आधी ठरवा. आईची पट्टी, गाईची धार, पहाटेचा अभ्यास, जे काही तुमचे गांडीव असेल ते कोठे टांगले आहे, हे खेळात शिरण्यापूर्वी स्वतःला सांगा. सोबत्यांनाही सांगा की अमक्या वेळी मी उठणार. खरे सोबती असतील तर ते थांबतील. आणि उठताना एकदा आपले खरे नाव मनात घ्या, आईने पाळण्यात ठेवलेले. तीच तुमची आरती. आईबापांना आमचे सांगणे याहून थोडे. मोबाईल हिसकावण्यापूर्वी एक रात्र शेजारी बसून पाहा. आम्ही उलट्या क्रमाने केले आणि आठ दिवस मृदंगाला मुकलो.

यंदाच्या चैत्रातील सप्ताहाच्या पत्रिकेवर आमच्या नावाखालीच मृदंगाचार्य म्हणून त्याचे नाव छापले. पत्रिका हातात घेऊन तो काही बोलला नाही. घडी घालून खिशात ठेवली. खेळ त्याने सोडला आहे असे आम्ही सांगणार नाही. संध्याकाळी आईचा पाय पाहून, हरिपाठ वाजवून तो रात्री दहाला आपल्या पथकात जातो. साडेअकराला म्हणतो, "निघतो, पहाटे काकडा आहे." कधी बारा वाजतात, हेही आम्हांला ठाऊक आहे. त्या इंदूरच्या गड्याने एकदा विचारले म्हणे, "काकडा म्हणजे काय रे?" याने त्याला पहाटेची आरती समजावून सांगितली. आता साडेअकरा झाले की तेच सगळे ओरडतात, "अरे, ह्याचा काकडा आहे, सोडा ह्याला!"

गेलेले बोट परत यावयाचे नाही. माउली काठी टेकीत चालते. पण मृदंग सुरू झाला की ती देवळाच्या पायरीवर येऊन बसते, आणि त्या निजेची ओळख नसलेल्या वस्तीतली चार माणसे आमच्या देवाच्या पहाटेची वाट सोडून देतात, एवढी पांडुरंगाची कृपा आम्ही पाहिली. ज्याने त्याने आपापल्या सोंगाचा शेवटचा चरण शोधावा, आणि जे बिननावाचे आपल्या मागे उभे आहेत, त्यांचे नाव आधी घ्यावे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.